भिंतीवरचा हिवाळा

१

शुक्रवारी सकाळी व्हर्ना ट्वेटच्या दुकानात भिंतीवर नुसता खिळा उरला होता. खिळ्याखालचा चौकोन पांढरा आणि बाकीची भिंत दोन वर्षांच्या धुराने पिवळी पडलेली, त्यामुळे काय गेलंय ते विचारायची गरज नव्हती. गोठलेल्या तळ्याचा तो मोठा फोटो काचेसकट, चौकटीसकट गेला होता.

मार्लिस एंगेब्रेत्सन अंगातला कोट न काढताच त्या चौकोनासमोर उभी राहिली. "गल्ल्याला हात लागलाय?"

"छे. गल्ला जसाच्या तसा," काउंटरमागून गुड्रुन म्हणाली. गुड्रुन म्हणजे व्हर्नाची नणंद. "आणि एवढ्यावर भागलं नाही. सकाळी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, तुमची वेबसाइट उघडत नाही म्हणून. मी बघते तर कोरं पान. फोटो, भाव, ऑर्डरची जागा, सगळं पुसून टाकलंय कुणीतरी."

"सोमवारी ऑडिटर यायचीय."

"म्हणून तर तुला बोलावलं."

टॅमरॅक बे हे मिनेसोटातलं तळ्याकाठचं एवढंसं गाव. तिथे व्हर्नाचं स्मोकहाउस होतं. तळ्यातले व्हाइटफिश मेपलच्या धुरावर शिजवून विकायचं दुकान. नवरा ऐनार चार वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर दोन वर्षांनी व्हर्नाने दुकानाला नवं रूप दिलं. भिंतींना रंग, नवी पाटी, लोगो, पाकिटांवरची लेबलं, वेबसाइट, आणि सगळ्यांत मोठा खर्च म्हणजे खास शहरातून फोटोग्राफर बोलावून काढलेले फोटो. ब्रँडिंग म्हणतात त्याला. सगळं काम केलं तिच्या मुलाने, केंटने, आणि बिलंही लावली त्यानेच. त्यासाठी व्हर्नाने दुकान बँकेकडे गहाण टाकलं होतं. मार्लिसने तो खर्च जाहिरातीत धरून टॅक्समधून वजा केला आणि खाली स्वतःची सही केली.

आता राज्याच्या टॅक्स खात्याने नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं. मासे विकणारी बाई जाहिरातीवर एवढा खर्च करते, तोही पोटच्या मुलाला देते, तर मग काम दाखवा. खात्याचंही चूक नव्हतं. आईने मुलाचं बिल भरलं तर पैसा घरातल्या घरातच फिरला असं कुणीही म्हणेल. दाखवायला वेबसाइट आणि फोटो असले तर वजावट टिकणार. नाही तर टॅक्स, व्याज, दंड. व्हर्नाचे हप्ते आधीच थकलेले, त्यात हा दंड आला तर बँक थांबणार नव्हती. शेजारच्या रिसॉर्टचा मालक त्या जागेवर डोळा ठेवूनच बसला होता.

मार्लिसची सगळी नोकरी त्याच खात्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर तिने गावातलं बंद पडलेलं न्हाव्याचं दुकान भाड्याने घेतलं आणि तिथे बसून ती छोट्या दुकानदारांचे टॅक्स भरायची. लोक तिच्याकडे दातांच्या डॉक्टरकडे जावं तशा चेहऱ्याने येत आणि गेल्यावर तिच्या नावाने बोटं मोडत. त्याची तिला सवय होती. पण व्हर्ना तिची शाळेपासूनची मैत्रीण होती आणि सही तिची स्वतःची होती, म्हणून या वेळी तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"किल्ली कुठे असते?"

"लाकडांच्या ढिगावरच्या डब्यात. गावात कुणाला माहीत नाही?"

"आणि वेबसाइटचा पासवर्ड?"

गुड्रुनने गल्ल्याच्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीकडे नुसती हनुवटी उडवली.

"धन्य आहात. व्हर्ना काय म्हणते?"

"तेच मला कळत नाहीये," गुड्रुन आवाज खाली आणून म्हणाली. "फोटो गेला म्हणून सांगायला गेले, तर हूं म्हणाली आणि भट्टीत लाकडं टाकत राहिली. तुला बोलावू का विचारलं, तर नको म्हणाली."

२

व्हर्ना मागच्या अंगणात भट्टीपाशी उभी होती. पलीकडे कुंपणाजवळ कावळ्यांनी नुसता गोंधळ घातला होता. मार्लिस बघते तर बर्फावर सबंधच्या सबंध मासे पडलेले. शेपटीपासून डोक्यापर्यंत छान तांबूस झालेले.

"हे काय गं?"

"काल रात्रीचा घाणा. मीठ बिघडलं."

व्हर्ना माशाचं डोकंसुद्धा वाया घालवणारी बाई नव्हती. हवेत धुराचा वास होता, पण त्यात काहीतरी गोडसर, नाकाला झोंबणारं होतं.

"व्हर्ना, कोण करेल हे? कुणावर संशय आहे तुझा?"

"कुणावर नाही."

"हे बघ, घाबरू नकोस. ऑडिटर म्हणजे काही राक्षस नाही. काल संध्याकाळी फोनवर सांगितलं ना तुला, त्या मिस माकीशी मी वेळ ठरवायला बोलले. पत्र राजधानीचं, सेंट पॉलचं असलं तरी पोरगी उत्तरेकडची, आपल्यासारखीच तळ्याकाठी वाढलेली. मी गावात कुणाला बोलले नाही, उगाच लोक ओळखी काढत बसतील. पण ती समजून घेईल. आपण केंटला सांगून वेबसाइट परत उभी करू."

व्हर्नाच्या हातातलं लाकूड खाली पडलं. तिने ते उचललं, भट्टीचं दार उघडलं आणि आत टाकलं.

"नको," ती म्हणाली. "गेलं ते गेलं. पुरावा नाही म्हणून सांग त्या मुलीला. जे काय भरायचं ते भरू."

"कशातून भरशील?"

"विकीन."

"अगं, अख्खं आयुष्य घातलंस या धुरात. तुझ्या डोळ्यांची काय अवस्था झालीय बघ. आणि विकीन म्हणतेस, जुना कोट विकावा तसं?"

व्हर्नाने हात एप्रनला पुसले आणि पहिल्यांदा मार्लिसच्या डोळ्यांत बघितलं. "मार्लिस, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागते. कुणी केलं ते शोधू नकोस."

३

असं म्हटल्यावर शोधल्याशिवाय राहील ती मार्लिस कसली. कुणीतरी व्हर्नाला धमकावलंय अशी तिची खात्री झाली.

ती पहिल्यांदा गुड्रुनकडेच वळली. गुड्रुन भिंतीकडे पाठ करून पाकिटांवर लेबलं चिकटवत होती.

"तुझा पगार किती दिवसांचा राहिलाय?"

"म्हणजे मी केलं असं म्हणायचंय का तुला?"

"विचारतेय."

"बराच राहिलाय," गुड्रुन फणकाऱ्याने म्हणाली. "माझा पगार द्यायला पैसे नाहीत आणि लेकाच्या वेबसाइटला आहेत. तो फोटो लागला त्या दिवशीपासून माझ्या डोळ्यांत सलत होता, खोटं कशाला बोलू. मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. आणि ही रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याची काच पुसणार. स्वतः. मला हात लावू देत नव्हती. पण मी फोटो चोरला असता, तर तुला फोन कशाला केला असता?"

हे पटण्यासारखं होतं.

क्लेटन सँडविक आपल्या रिसॉर्टच्या ऑफिसात पाय टेबलावर टाकून बसला होता. मार्लिसला बघून त्याने पाय खाली घेतले, कारण त्याचे टॅक्सही तीच भरायची.

"ऐकलं मी, मार्लिसबाई. वाईट झालं."

"तुझ्या दृष्टीने तर बरंच झालं की."

"तसं म्हणा हवं तर. जागा मला पाहिजे, ते मी लपवत नाही. पण दोन वर्षं थांबलोय, अजून थोडं थांबेन. चोरी कशाला करू? त्या बँकेने आणि सेंट पॉलच्या बाईने माझं काम फुकटात चालवलंय." तो हसला. "आणि खरं सांगू? तो फोटो मला आवडायचा. चोरायचाच असता तर वेबसाइट पुसली नसती, फोटो माझ्या लॉबीत टांगला असता."

मार्लिसला माणूस मुळीच आवडत नव्हता, पण त्याच्या बोलण्यात तिला खोट सापडेना. दुकानाचं वाटोळं करायचं असतं तर भट्टी फोडली असती. वेबसाइट पुसणं एक वेळ समजू शकतं. पण भिंतीवरचा फोटो? पुरावा म्हणून बिलं पुरेशी नव्हती, तरी बिलंसुद्धा पळवता आली असती, ती गल्ल्याखालच्या खणात तशीच होती. ज्याने कुणी हे केलं त्याला अडचण होती ती फक्त फोटोंची. लोकांनी बघू नयेत असं त्या फोटोत होतं तरी काय?

आणि तिच्या लक्षात आलं की तो फोटो तिने स्वतः कधी धड बघितलाच नव्हता. ती नेहमी मागच्या दाराने येऊन भट्टीवरूनच मासे न्यायची.

४

केंट दुपारी शहरातून गाडी हाणत आला. उंचापुरा, ऐनारसारखाच रुंद खांद्यांचा, आणि तोंडात सतत च्युइंगगम. तो मनापासून चिडला होता, हे बघून मार्लिसला जरा आश्चर्यच वाटलं.

"मार्लिसमावशी, मी एवढी मेहनत करून ती साइट उभी केली आणि कुणी गाढवाने एका झटक्यात उडवली? ती साइट हाच तर आपला पुरावा होता. सेंट पॉलच्या बाईला नुसती दाखवली असती तरी तिचं तोंड बंद झालं असतं."

"परत चढवता येईल का?"

"येईल ना. फोटो आहेत माझ्याकडे घरी. रविवारी बसतो, सोमवार सकाळपर्यंत होतं जसंच्या तसं."

"छान. आणि तो फोटोग्राफर? दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आला होता ना? त्याचे दोन शब्द फोनवर मिळाले तर बरं."

केंटने च्युइंगगम चघळायचं थांबवलं. "तो ॲरिझोनाला गेला. नंबर बदलला त्याने."

"नाव?"

"मावशी, बिलावर माझ्या कंपनीचं नाव आहे, मी त्याला माझ्याकडून पैसे दिले. नाव कशाला पाहिजे?"

"मी सही केलीय म्हणून पाहिजे."

"आई कुठाय?" असं म्हणत तो आत निघून गेला. थोड्या वेळाने मागून त्याचा आवाज आला, आई तू काळजी करू नकोस, मी आहे ना. व्हर्ना काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

मार्लिस गाडीत बसली. केंट खोटं बोलत होता, हे तिला एखादी फुगवलेली पावती ओळखू यावी तसं कळलं होतं. पण वेबसाइट गेल्याचं त्याचं दुःख खरं होतं. त्याने फसवलं असेल, तर तो पुरावा स्वतःच का पुसेल? त्याला तर ती साइट सोमवारी दाखवायची होती. फसवणारा एक आणि पुसणारा दुसराच, असं काहीतरी झालं होतं.

५

लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला शुक्रवार म्हणजे माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण. सगळं गाव तिथे असतं. मार्लिसला भूक नव्हती, पण घरी जाऊन भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा ती तिथे गेली आणि म्हाताऱ्या ऑर्विल स्कोगसमोर बसली. ऑर्विल प्लंबर होता, आता त्याचा मुलगा काम बघतो.

तिच्यासमोर ताटाखाली घालायचा कागद पसरलेला होता. गावातल्या दुकानांच्या जाहिराती छापलेला. मार्लिसने कोबीची वाटी बाजूला सरकवली आणि तिचा हात तिथेच थांबला. वाटीखाली व्हर्नाची जाहिरात होती. या जाहिरातीचे पैसेही तिनेच वजा केले होते आणि पार विसरून गेली होती. आणि त्या जाहिरातीत तो फोटो होता.

तिने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. पांढरं तळं. बर्फात भोकं पाडून मासे धरायला लोक ज्या लाकडी खोप्या नेऊन ठेवतात, त्यांची रांग. त्यांतली एक हिरवी. आणि मागे, खूप मागे, बर्फावर उभी असलेली एक गाडी.

ती गाडी कसली, हे तळ्याकाठच्या कुणाला सांगावं लागत नाही. दर हिवाळ्यात लीजनवाले एक भंगार गाडी इंजिन काढून, साखळी बांधून बर्फावर नेऊन ठेवतात. वसंतात ती कधी बुडेल यावर गाव पैजेची तिकिटं घेतं. बुडाली की साखळीने ओढून काढतात आणि भंगारात देतात. दर वर्षी गाडी वेगळी. तळ्याकाठचा माणूस बर्फाचा फोटो हातात घेतो तेव्हा आधी गाडी शोधतो आणि विचारतो, हे कुठलं वर्ष?

"ऑर्विल, ही गाडी बघ बरं."

ऑर्विलने कागद नाकाशी नेला. "अरे, ही तर माझी पिवळी वॅगन. मीच दिली होती लीजनला."

"कधी?"

"कधी म्हणजे? ऐनारला पुरला त्याच दिवशी बुडाली ना ती. आठवत नाही तुला? चर्चच्या खिडकीतून दिसत होतं. पाद्री बोलतोय आणि आम्ही सगळे माना वाकड्या करून तिकडे बघतोय. लाज वाटली, पण काय करणार."

मार्लिसला चांगलंच आठवत होतं. चार वर्षांपूर्वीचा मार्च. आणि दोन वर्षांपूर्वी, शहरातला फोटोग्राफर आला असं केंट म्हणत होता त्या हिवाळ्यात, बर्फावर निळा पिकअप होता.

"ही हिरवी खोपी कुणाची?" तिने विचारलं, जरी आता उत्तर तिला माहीत होतं.

"ऐनारचीच की. शेवटच्या हिवाळ्यात कॅमेरा घेऊन फिरायचा बिचारा. हृदय कमजोर, मासे ओढणं बंद, म्हणून फोटो काढायचा." ऑर्विलने कागद परत दिला. "खा ना, निवतंय."

६

शनिवारी सकाळी मार्लिस थेट भट्टीपाशी गेली. तिने तो जाहिरातीचा कागद व्हर्नापुढे धरला.

"याचं मला भानच राहिलं नाही," व्हर्ना म्हणाली.

"केंटने बापाने काढलेले फोटो कपाटातून उचलले आणि शहरातल्या फोटोग्राफरचे म्हणून तुलाच विकले. बरोबर?"

"हूं."

"आणि पुसलं तूच. मी उगाच गावभर फिरले. फोटो बघणाऱ्या कुणाला बिलावर काय लिहिलंय ते माहीत नव्हतं, आणि मी बिल बघितलं पण फोटो बघितला नाही. दोन्ही माहीत असलेली माणसं दोनच, तू आणि केंट. केंटला वाटत होतं, सेंट पॉलची बाई, तिला बर्फावरच्या गाडीतलं काय कळतंय. ती तळ्याकाठची आहे हे मी फक्त तुला सांगितलं होतं. गुरुवारी संध्याकाळी. आणि शुक्रवारी सकाळी फोटो नाही." मार्लिसचा आवाज चढला. "आणि ते मासे. चौकट भट्टीत घातलीस ना? वॉर्निशच्या धुराने घाणा नासला, म्हणून कावळ्यांना टाकलास."

"मेपलची होती चौकट," व्हर्ना म्हणाली. "वाटलं, जळेल नीट."

"तुला कधी कळलं?"

"टांगला त्या दिवशीच. ऐनारची खोपी मला कळणार नाही? तिला रंग मीच दिला होता." तिने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले. धुरामुळे ते तसेही नेहमी पाणावलेले असत. "केंट कर्जात होता. नुसते मागितले असते तरी दिले असते मी. पण त्याला मागायची लाज वाटली आणि लुबाडायची नाही वाटली. मी म्हटलं, जाऊ दे. निदान ऐनारचा फोटो तरी भिंतीवर आला."

"आणि मग वजावट कशाला घेतलीस? तेव्हाच मला सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मार्लिसने तो खर्च तिथल्या तिथे काढून टाकला असता आणि केंटला बोलावून त्याची सालटी काढली असती.

"आता ऐक," व्हर्ना म्हणाली. "पुरावा नसला तर काय होईल?"

"वजावट जाईल. टॅक्स, दंड. दुकान जाईल."

"आणि पुरावा असला, आणि त्या मुलीने गाडी ओळखली?"

"मग बिल खोटं ठरेल. केंटने ते पैसे स्वतःच्या उत्पन्नात दाखवलेत की नाही ते निघेल. दाखवले नसणारच. मग त्याच्यावर खटला."

"मग झालं तर. दुकान जाऊ दे."

"व्हर्ना, तो नालायक आहे. त्याच्यापायी तू उघड्यावर येणार."

"माझाच आहे," व्हर्ना म्हणाली. "त्याला रविवारी साइट चढवू देऊ नकोस. आणि मला कळलंय हे त्याला कधी कळता कामा नये. नाहीतर तो माझ्यापुढे यायचाच नाही."

मार्लिसला इतका संताप आला होता की तिने तो कागद चुरगळून भट्टीत फेकला. मग ती केंटला शोधायला गेली. तो गुड्रुनच्या घरी सोफ्यावर पडून टीव्ही बघत होता.

"साइट चढवायची गरज नाही. मी बघून घेईन."

"खरंच? बरं झालं, मावशी," केंट म्हणाला. "रविवार मोकळा मिळाला." त्याने का म्हणून विचारलंही नाही.

७

सोमवारी मिस माकी आली. तरुण, नीटनेटकी. दारातच बूट झटकायची तिची पद्धत बघून मार्लिसने ओळखलं, तळ्याकाठचीच. तिने भिंतीवरचा पांढरा चौकोन बघितला, खिळा बघितला.

"इथे काय होतं?"

"फोटो होता," व्हर्ना म्हणाली. "गेला."

"वेबसाइट?"

"तीही गेली. या खर्चाचा पुरावा आमच्याकडे नाही," मार्लिस म्हणाली. "वजावट मागे घेतो."

मिस माकीने तिच्याकडे जरा निरखून बघितलं. मार्लिसचं नाव त्या खात्यात अजून लोकांच्या लक्षात होतं, आणि मार्लिस एंगेब्रेत्सनने लढल्याशिवाय काही सोडलं असं कुणी ऐकलं नव्हतं. पण मुलीने पुढे काही विचारलं नाही. जाताना तिने पाकीटभर व्हाइटफिश विकत घेतले आणि मासे छान आहेत, माझे आजोबा असेच करायचे, असं म्हणाली. मार्लिस खोटं बोलली नव्हती. ती फक्त गप्प बसली होती, आणि त्या गप्प बसण्याची चीड पुढेही तिच्या मनातून गेली नाही.

उन्हाळा यायच्या आत जागा सँडविकची झाली. त्याने पाटीवरचं ट्वेट हे नाव तसंच ठेवलं, कारण लोकांना ते नाव माहीत होतं. व्हर्नाला त्याने रिसॉर्टमध्ये साफसफाईच्या कामावर घेतलं. हे त्याने चांगल्या मनाने केलं, हे मार्लिसला मान्य करावं लागलं आणि त्याचा तिला जास्तच राग आला.

पुढच्या हिवाळ्यात सँडविक आपले कागद घेऊन तिच्या दुकानात आला.

"नवी वेबसाइट केली, बाई. ब्रँडिंग, लोगो, सगळं. व्हर्नाच्या केंटनेच केलं. चलाख पोरगा आहे. आणि लॉबीसाठी तळ्याचा तो फोटो घेतला, भिंतभर मोठा. हे सगळं वजा होतं ना?"

मार्लिसने बिल उचललं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: तळ्याचे फोटो, काढणारे माझे वडील ऐनार ट्वेट, वापरण्याचे हक्क विकले.

"हे त्याने असं लिहिलं?"

"मीच म्हटलं लिही. गावच्या माणसाने काढलेले म्हटलं की पाहुण्यांना आवडतं. फोटोखाली नावही लावलंय ऐनारचं."

मार्लिस बिलाकडे बघत राहिली. खर्च धंद्यासाठीच होता. खरंच झाला होता. भिंतीवर दाखवता येत होता. केंटने हेच चार शब्द आईच्या बिलावर लिहिले असते, तर बराचसा खर्च टिकला असता आणि दुकानही राहिलं असतं.

"होतो वजा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिसॉर्टमध्ये गेली. व्हर्नाला ते दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं तिला वाटत होतं. पण लॉबीत पाऊल टाकलं तेव्हा व्हर्ना शिडीवर उभी होती. तिच्यासमोर भिंतभर तळं पसरलं होतं, हिरवी खोपी माणसाएवढी आणि मागे ऑर्विलची पिवळी वॅगन, इतकी स्पष्ट की दार कुठे गंजलंय तेसुद्धा दिसत होतं.

"व्हर्ना, मला काल कळलं. केंटने…"

"माहीत आहे. तो आला होता टांगायला. मला म्हणाला, आई, तुझ्या दुकानातला होता तसाच दिसतो ना, पण हा बाबांनी काढलेला, तू कधी बघितला नसशील."

"आणि तू?"

"मी म्हटलं, छान आहे." व्हर्नाने फडकं बादलीत पिळलं आणि पुन्हा काचेवरून फिरवलं, हिरव्या खोपीवरून, मग खालच्या नावावरून. "तू नको चिडूस गं. ही काच पुसायचे मला आता पैसे मिळतात."